नोकरी बदलताना गृहकर्ज लवकर फेडायचंय? नवरा-बायकोनं आधी हे हिशेब करावेत

गृहकर्ज वीस वर्षांचं असतं, पण एकाच कंपनीत वीस वर्षं काढणारे आता थोडेच. एमआयडीसीतला कामगार एका कंपनीतून दुसरीकडे जातो, खासगी शाळेतली शिक्षिका नोकरी सोडून दवाखान्यात लागते, कुणी कंत्राटी काम सोडून कायमच्या जागेवर जातं. अशा वेळी हातात एकरकमी पैसे येतात. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, कधी त्याच महिन्यात सोयाबीन किंवा उसाचं बिल. मग घरात विषय निघतो, "सगळं कर्जात टाकू आणि मोकळं होऊ."

विचार चांगला आहे. पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. कर्जात एक लाख जादा भरले म्हणून पुढच्या महिन्याचा हप्ता माफ होत नाही. पाच तारखेला हप्ता कटायचा तो कटतोच. तेव्हा नवा पगार सुरू झाला नसेल आणि हातातली रोकड कर्जात गेली असेल, तर जादा भरूनही हप्ता थकतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी हातात राखीव रक्कम, मग महाग कर्ज, आणि त्यानंतर गृहकर्ज.

लवकर भरल्यानं किती वाचतं?

समजा दोघांनी मिळून १५ लाखांचं कर्ज घेतलं. व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता साधारण १३ हजार ४९६ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले ११ हजार २५० रुपये व्याजातच जातात, मुद्दल फिटतं फक्त २ हजार २४६ रुपये. तीन वर्षांत ४ लाख ८६ हजार भरून होतात, पण मुद्दल कमी होतं जेमतेम ९२ हजारांनी. सुरुवातीच्या वर्षांत जादा भरण्याचा फायदा जास्त का, ते यावरून कळतं.

आता तीन वर्षांनंतर एक लाख रुपये जादा भरले, तर दोन रस्ते असतात:

- हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली, तर कर्ज सुमारे अडीच वर्षं आधी फिटतं आणि ३ लाख १० हजारांच्या आसपास व्याज वाचतं.
- मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला, तर हप्ता साधारण ९६० रुपयांनी उतरतो आणि एकूण व्याज वाचतं ९५ हजारांच्या आसपास.

एकरकमी पैसे नसतील तरी चालेल. याच कर्जात तीन वर्षांनंतर दर महिन्याला फक्त २ हजार रुपये जादा भरले, तर कर्ज सव्वाचार वर्षं आधी संपतं आणि सुमारे ३ लाख ८० हजार रुपये व्याज वाचतं. व्याजदर बदलला की हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील.

मुदत कमी करावी की हप्ता?

दोघांचे पगार पक्के असतील तर मुदत कमी करणं फायद्याचं. पण नोकरी बदलण्याच्या काळात जरा वेगळा विचार करा. नवा पगार कमी असेल, प्रोबेशन असेल किंवा पगार वेळेवर होईल याची खात्री नसेल, तर हप्ता कमी करून घ्यायला हरकत नाही. हप्ता कमी झाल्यावर उरलेली रक्कम ज्या महिन्यात जमेल त्या महिन्यात स्वतःहून जादा भरा. दर महिन्याला पूर्ण फरक भरला तर फायदा जवळपास मुदत कमी केल्याइतकाच होतो. ज्या महिन्यात ओढाताण असेल त्या महिन्यात बंधन राहत नाही.

एकरकमी भरताना शाखेत अर्ज द्या. "ही रक्कम मुद्दलात जमा करावी, मुदत कमी करावी" किंवा "हप्ता कमी करावा" असं स्पष्ट लिहा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. दोन आठवड्यांनी कर्जाचं नवं विवरणपत्र मागून मुद्दल खरंच कमी झालं का ते तपासा. पैसे नुसते खात्यात पडून राहिले तर उपयोग नाही.

जादा भरल्याबद्दल दंड लागतो का?

बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज वैयक्तिक नावावर असेल, तर मुदतीआधी भरल्याबद्दल बँकेला दंड घेता येत नाही. बँकांसाठी हा नियम २०१२ पासून आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना रिझर्व्ह बँकेचे नवे निर्देश लागू आहेत. पैसे कुठून आणले हे बघून आकार लावता येत नाही, आणि "इतके महिने झाल्याशिवाय भरता येणार नाही" अशी अटही घालता येत नाही. स्थिर व्याजदराच्या कर्जाला मात्र आकार लागू शकतो. त्यासाठी करारपत्र वाचा.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर गोष्ट वेगळी. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नाही, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. तिथे मुदतपूर्व फेडीचा नियम आधी लेखी विचारून घ्या.

राजीनामा देण्याआधी करायची कामं

१. व्याजदर तपासा. २०२५ या वर्षात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. तुमचं कर्ज रेपोला जोडलेलं असेल तर दर आपोआप उतरायला हवा. ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं कर्ज अजून जुन्या पद्धतीत असेल, तर थोडं शुल्क भरून नव्या पद्धतीत जाता येतं का ते विचारा.

२. कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं असेल तर आधीच न्या. नवी बँक पगाराच्या पावत्या आणि नोकरीचा काळ बघते. राजीनामा दिल्यावर किंवा प्रोबेशनमध्ये असताना हे काम अडकतं.

३. हप्त्याचं खातं सांभाळा. हप्ता जुन्या कंपनीच्या पगार खात्यातून कटत असेल, तर नवा पगार दुसऱ्याच खात्यात पडेल आणि इकडे हप्ता बाऊन्स होईल. नवं खातं जोडायला वेळ लागतो, तोवर जुन्या खात्यात किमान दोन हप्त्यांची रक्कम ठेवा. पगार येणं थांबलं की ते खातं साधं बचत खातं होऊ शकतं. मग किमान शिल्लक ठेवावी लागते.

४. विमा बघा. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. कर्ज डोक्यावर असताना घरात एक मोठं आजारपण आलं तर सगळा हिशेब कोलमडतो. नवा विमा सुरू होईपर्यंतची सोय आधी करा.

हातात किती ठेवायचं?

हप्ता आणि घरखर्च मिळून सहा महिन्यांची रक्कम बाजूला ठेवा. वरच्या उदाहरणात सहा हप्त्यांचे ८१ हजार होतात. घरखर्च महिना १५ हजार धरला तर ९० हजार. म्हणजे १ लाख ७१ हजार हातात हवेत. नोकरी सुटताना अडीच लाख मिळाले असतील, तर कर्जात भरायला ७९ हजार मोकळे आहेत, अडीच लाख नाहीत.

जोडीदाराचा पगार पक्का असेल आणि त्यात हप्ता निघत असेल, तर तीन-चार महिन्यांची रक्कम चालेल. दोघांनी एकाच वेळी नोकरी बदलणं मात्र शक्यतो टाळा. एकाचा नवा पगार दोन-तीन महिने नीट सुरू झाला, की मग दुसऱ्यानं हलावं.

काही बँका ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज देतात. त्यात जादा पैसे कर्ज खात्यात ठेवता येतात, तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि गरज पडली तर काढता येतात. दर किंचित जास्त असू शकतो, तरी नोकरी बदलणाऱ्यांना ही सोय उपयोगी पडते.

आधी कोणतं कर्ज फेडायचं?

गावाकडे व्याज महिन्याच्या शेकड्यावर मोजतात, तसंच मोजून बघा. ९ टक्क्यांचं गृहकर्ज म्हणजे शेकडा पाऊण रुपया महिना. सावकाराचं शेकडा तीन रुपये म्हणजे वर्षाला ३६ टक्के. मायक्रोफायनान्सचं व्याज बऱ्याचदा वर्षाला २० टक्क्यांच्या वर असतं. वैयक्तिक कर्ज आणि क्रेडिट कार्डही गृहकर्जापेक्षा महागच. तेव्हा आधी ही कर्जं संपवा. गृहकर्ज फेडायला दागिने गहाण ठेवणं किंवा दुसरं कर्ज काढणं हे तर उलटंच झालं.

पीएफ आणि ग्रॅच्युइटी

नोकरी बदलली की पीएफ काढून कर्जात भरायचा मोह होतो. थांबा. पीएफवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं होतं. गृहकर्ज ९ टक्क्यांचं असेल तर फरक पाऊण टक्क्याचाच. शिवाय सलग पाच वर्षं सेवा होण्याआधी पीएफ काढला तर साधारणपणे त्यावर कर लागतो. यूएएन नंबर तोच ठेवून पीएफ नव्या कंपनीकडे वर्ग करा, म्हणजे जुनी सेवाही धरली जाते.

कायम कामगाराला ग्रॅच्युइटी पाच वर्षं सलग सेवेनंतर मिळते. साडेचार वर्षं झाली असतील तर घाई करण्याआधी तारीख मोजा. काही महिने थांबल्यानं हातात येणारी रक्कम कर्जाला मोठा टेकू देऊ शकते.

कर्ज दोघांचं, जबाबदारीही दोघांची

सहकर्जदार म्हणून सही केली की पूर्ण कर्जाची जबाबदारी दोघांवर येते, अर्ध्या-अर्ध्याची नाही. एकाची नोकरी गेली आणि हप्ता थकला तर सिबिल दोघांचं बिघडतं. थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की खातं एनपीए होतं, आणि मग बँक ६० दिवसांची नोटीस देऊन घर ताब्यात घेण्याची कारवाई सुरू करू शकते. अडचण दिसायला लागली की लगेच शाखेत जा आणि मुदत वाढवून हप्ता कमी करण्याबद्दल बोला.

आता नावाचा विषय. हप्ता दोघांच्या पगारातून जातो, पण सातबारा, नमुना ८ किंवा खरेदीखतावर एकट्या नवऱ्याचं नाव असेल, तर बायको कर्जाची देणेकरी आहे पण घराची मालकीण नाही. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर दोन लाखांपर्यंतची वजावट मिळते, तीही मालकी आणि कर्ज या दोन्हींत नाव असलेल्यालाच. नव्या करपद्धतीत राहत्या घरावर ही वजावट नाही.

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायकोनं एकमेकांना बक्षीसपत्रानं दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणी फी आणि स्थानिक उपकर वेगळा. कर्ज चालू असेल तर बँकेची परवानगी लागते, म्हणून बरेच जण हे काम कर्ज फिटल्यावर करतात. फक्त ते "नंतर बघू" म्हणून राहून जाऊ देऊ नका.

शेवटचा हप्ता भरल्यावर काम संपत नाही

- बँकेकडून "येणे बाकी नाही" असा दाखला घ्या.
- घराची मूळ कागदपत्रं परत घ्या. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत ती देणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.
- सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा असेल तर दाखला जोडून तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीतून बोजा कमी करण्याचा अर्ज करा. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून बघा. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा मालमत्ता पत्रक तपासा.
- दीड-दोन महिन्यांनी दोघांचाही सिबिल अहवाल काढा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. कर्ज "बंद" दिसायला हवं.
- कर्जाबरोबर एकरकमी हप्त्याचा विमा घेतला असेल, तर उरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळतात का ते विचारा.

बोजा तसाच राहिला तर दहा वर्षांनी जमीन विकताना, वारस नोंद करताना किंवा पीककर्ज काढताना अडतं. तोवर शाखेतली माणसं बदललेली असतात आणि कागद शोधत फिरावं लागतं.

बँक ऐकत नसेल तर

आधी शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. पतसंस्थेची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात करावी. अर्जाची प्रत आणि पोच दोघांच्याही मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.