अधिवेशने आणि आपला प्रतिनिधी

राष्ट्रीय पक्षाचे अधिवेशन म्हटले की मंडप, ध्वज, अध्यक्षांची मिरवणूक आणि ठरावांची जंत्री डोळ्यांपुढे येते. त्या मंडपात बसलेला साधा प्रतिनिधी मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही. त्याला कोणी पाठविले आणि परत आल्यावर त्याने हिशेब कोणाला दिला, हे प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत सहसा आढळत नाहीत. आम्ही कामगार संघटनेत वाढलो. जे काही वाचले ते संघटनेची कामे उरकल्यावर, रात्री. त्यामुळे इतिहास वाचतानाही हेच प्रश्न आम्हांला प्रथम सुचतात. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांपुरते ते आज आपणांपुढे मांडावयाचे आहेत.

पुण्या-मुंबईचा माणूस १८८५ पासून काँग्रेसच्या अधिवेशनाला जात होता. आपला मुलूख निजामाच्या राज्यात. नांदेड हा त्या राज्यातला एक जिल्हा. लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका, तर उदगीर, निलंगा व अहमदपूर हे भाग बीदरकडे. लातूरचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसची नवी घटना झाली. चार आणे वर्गणीचा सभासद, भाषावार प्रांतिक समित्या आणि ५० हजार लोकवस्तीमागे एक प्रतिनिधी, असा हिशेब बसला. संस्थानी प्रजेलाही सभासद होण्याची मुभा मिळाली. परंतु संस्थानांच्या अंतर्गत कारभारात काँग्रेसने हात घालावयाचा नाही, असेही ठरले. म्हणजे मंडपात जावयाचे, पण घरचे दुखणे तेवढे बोलावयाचे नाही!

घरी तर बोलण्याचीच चोरी होती. १९२१ च्या फर्मानाने राजकीय सभांवर बंधन आले आणि १९२९ च्या 'गश्ती निशाण ५३' ने ते अधिक आवळले. सभा भरवावयाची तर आधी सरकारची परवानगी पाहिजे. म्हणून हैदराबाद राजकीय परिषद भरली ती राज्याबाहेर : १९२३ साली काकिनाड्यास, काँग्रेस अधिवेशनाच्या जोडीने, पुढे १९२६ ला मुंबईस, १९२८ ला पुण्यास आणि १९३१ ला अकोल्यास. आपल्या राज्याचे गाऱ्हाणे सांगण्यासाठी आपल्या राज्याची हद्द ओलांडावी लागे. रेल्वेचे भाडे आणि कामाचा खाडा ज्यांना परवडे तेच तेथे जाऊ शकत, हे सांगावयास नकोच. सालगडी, विणकर, हमाल यांच्या वतीने कोणी बोलले असेल. ते स्वतः तेथवर पोहोचणे कठीणच होते.

हा पेच महाराष्ट्र परिषदेने सोडविला. १९३७ साली गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली परतूर येथे तिचे पहिले अधिवेशन झाले. त्यानंतर फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा येथे सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखालील काँग्रेसने सांगितले की, संस्थानी प्रजेने आपला लढा आपल्याच संघटनेच्या बळावर लढवावा. चार महिन्यांनी, जूनमध्ये, लातूरला परिषदेचे दुसरे अधिवेशन भरले आणि १९४१ साली उमरीला तिसरे. ज्याला काकिनाडा दूर होता, त्याला उमरी दूर नव्हती. लातूरला तर बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी होतीच. अधिवेशन प्रतिनिधीच्या दाराशी आले, हा आमच्या मते त्या काळातील सर्वांत मोठा फरक होय.

१९३८ मध्येच हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे ठरले. ती रीतसर उभी राहण्याआधीच सप्टेंबरमध्ये तिच्यावर बंदी आली. २४ ऑक्टोबरला नानल यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला. तीन दिवसांनी स्वामी रामानंद तीर्थांनी केला. जिचे एकही अधिवेशन भरले नव्हते, त्या संस्थेचे प्रतिनिधी मंडपाऐवजी तुरुंगात गेले. ही बंदी उठली जुलै १९४६ मध्ये. त्यानंतर अध्यक्षपदासाठी स्वामीजी आणि बुर्गुल रामकृष्णराव यांच्यात निवडणूक झाली व स्वामीजी थोड्या मतांनी निवडून आले. जून १९४७ मध्ये हैदराबादला पहिले खुले अधिवेशन झाले. इतक्या हालअपेष्टांनंतरही अध्यक्ष मतांनी ठरला, कोणाच्या इशाऱ्याने नव्हे, हे विसरता कामा नये. स्वामीजी तरुणपणी ना. म. जोशी यांच्या हाताखाली कामगार चळवळीत वावरले होते. सभासदाच्या मताची किंमत त्यांना ठाऊक होती.

जानेवारी १९५३ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन हैदराबादेत भरले. अध्यक्ष जवाहरलालजी आणि जागेचे नाव नानलनगर, त्या पहिल्या सत्याग्रहीच्या स्मरणार्थ. काल ज्यांना बोलण्याची बंदी होती, ते आज यजमान झाले. हैदराबादचे तुकडे होणे नेहरूंना पसंत नव्हते. स्वामीजी व त्यांचे सहकारी भाषावार रचनेच्या बाजूचे होते. घरच्या लोकांचे म्हणणे थोरांपुढे धरून ठेवणारा तो खरा प्रतिनिधी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला.

पुढे नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि लातूरचे विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. लातूरचेच शिवराज पाटील १९९१ ते १९९६ लोकसभेचे सभापती होते. आपल्याला दिल्ली दूर राहिली नाही. पण प्रतिनिधी गल्लीपासून दूर गेला की काय, अशी शंका मनात येते. अधिवेशनाची यादी वरून येते, ही कुरकुर एका पक्षात नव्हे, अनेक पक्षांत ऐकू येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी मतदान झाले. ९,३८५ प्रतिनिधींनी मत दिले आणि उदगीरच्या शेजारच्या बीदर जिल्ह्यात जन्मलेले मल्लिकार्जुन खर्गे निवडून आले. त्याआधीचे असे मतदान २००० सालचे. मधली बावीस वर्षे प्रतिनिधी होते, पण अध्यक्ष निवडण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले नाही.

आमच्या संघटनेत रीत अशी की, परिषदेला जाणारा माणूस सभेत निवडावा, काय मांडावयाचे ते त्याला सांगावे, आणि परतल्यावर त्याने त्याच सभेत उभे राहून सांगावे की मी अमुक बोललो, अमुक ठरावाला हात वर केला. आडत बाजारातील हमालाने वर्गणी दिली असते. विचारण्याचा त्याला हक्क आहे. हीच रीत पक्षांनी पाळावी, एवढेच आमचे म्हणणे. पुढच्या अधिवेशनाला आपल्या तालुक्यातून कोण जाणार, हे आपण आधी विचारावे. तो परत आला की याच गावात सभा लावून त्याचे ऐकावे, आणि ऐकून झाल्यावर त्याला प्रश्न विचारावेत. सभा भरविण्यास आज कोणाच्या गश्तीची आडकाठी नाही.