केअरर्स अलाउन्स

केअरर्स अलाउन्स (अर्थ: काळजीवाहक भत्ता) हा युनायटेड किंग्डममधील एक शासकीय भत्ता आहे. गंभीर आजारी, दिव्यांग किंवा वृद्ध व्यक्तीची विनावेतन काळजी घेणाऱ्यांना तो दर आठवड्याला दिला जातो. काळजी घेणारे बहुतेकदा कुटुंबातीलच असतात. मात्र नातेसंबंध किंवा एकत्र राहणे ही अट नाही.

पात्रता

अर्जदाराचे वय किमान १६ वर्षे असावे लागते आणि त्याने आठवड्यातून किमान ३५ तास काळजी घेणे आवश्यक असते. ज्याची काळजी घेतली जाते त्या व्यक्तीला दिव्यांगत्वाशी संबंधित ठरावीक भत्ता मिळत असला पाहिजे. पूर्णवेळ विद्यार्थी पात्र नसतात. २०२५-२६ मध्ये भत्त्याचा दर आठवड्याला ८३.३० पौंड होता. भत्त्यावर प्राप्तिकर लागू होतो.

इतिहास

हा भत्ता १९७६ मध्ये 'इनव्हॅलिड केअर अलाउन्स' या नावाने सुरू झाला. विवाहित स्त्रिया एरवीही घरीच असतात, असे गृहीत धरून त्यांना त्यातून वगळण्यात आले होते. विवाहित पुरुषांना मात्र ही आडकाठी नव्हती. आईच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडलेल्या जॅकलिन ड्रेक यांनी या नियमाला आव्हान दिले. जून १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयाने हा नियम सामाजिक सुरक्षेतील स्त्री-पुरुष समानतेच्या युरोपीय निर्देशाविरुद्ध असल्याचा निर्णय दिला आणि विवाहित स्त्रियांना भत्ता खुला झाला. २००३ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. स्कॉटलंडमध्ये २०२३ पासून त्याच्या जागी 'केअरर सपोर्ट पेमेंट' टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आले.

उत्पन्नमर्यादा आणि टीका

भत्ता घेताना नोकरी करता येते. परंतु कर व इतर मान्य वजावटींनंतरची कमाई ठरावीक मर्यादेत असावी लागते. मर्यादा ओलांडल्यास भत्ता प्रमाणात कमी होत नाही, तर त्या आठवड्याचा संपूर्ण भत्ता रद्द होतो. २०२४-२५ मध्ये मर्यादा १५१ पौंड व भत्ता ८१.९० पौंड होता. त्यामुळे वर्षभर दर आठवड्याला एक पौंड जादा कमावणाऱ्याकडून, म्हणजे एकूण ५२ पौंडांच्या जादा कमाईपोटी, ४,२०० पौंडांहून अधिक रकमेची वसुली होऊ शकत असे. अनेकांना जादा रकमेची सूचना उशिरा मिळाल्याने थकबाकी साचत गेली. २०२४ मध्ये यावर व्यापक टीका झाल्यानंतर सरकारने लिझ सेस यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आढावा घेण्याचे जाहीर केले. एप्रिल २०२५ पासून मर्यादा १९६ पौंड करण्यात आली. मात्र ती ओलांडताच संपूर्ण भत्ता गमावण्याचा नियम या वाढीनंतरही कायम राहिला.