घारापुरी : लेण्यांच्या आधीचं बेट

बदलापूर लोकलमध्ये एका हाताने कडी धरून ऐकत असाल, तर तुमचं खास स्वागत. आजचा विषय घारापुरी, म्हणजे एलिफंटा. गेटवेवरून लाँच, लेणी, त्रिमूर्तीसमोर फोटो आणि संध्याकाळी परत, एवढीच आपली या बेटाशी ओळख. पण लेणी कोरली गेली साधारण सहाव्या शतकाच्या मध्यात. त्याच्या आधी इथे कोण होतं, आणि मुळात माणसं इथे आली कशाला?

उत्तर नकाशात आहे. ठाण्याची खाडी जिथे मुंबई बंदरात मोकळी होते, तिथे हे बेट उभं आहे. खाडीने वर गेलात की ठाणे, पुढे उल्हास नदी आणि कल्याण. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत आपल्या कल्याणचं नाव 'कॅलिएना' असं येतं. त्यात असंही लिहिलंय, की इथला व्यापार अडवला गेलाय आणि चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. म्हणजे बंदरांचं राजकारण तेव्हाही होतंच!

आता घारापुरीवरच्या मोराबंदरला चला. तिथे अँफोराचे तुकडे सापडलेत. अँफोरा म्हणजे दोन कानांचा, उंच मानेचा मातीचा रांजण. भूमध्य समुद्राकाठचे लोक त्यातून दारू आणि ऑलिव्हचं तेल पाठवायचे. खापर फुटकं असलं तरी साक्ष पक्की आहे : इथे माल उतरत होता. बेटाच्या पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेषही आहेत. म्हणजे शिवाची लेणी रिकाम्या जंगलात उगवली नाहीत, आधीपासून जाग असलेल्या बेटावर आली.

लेण्यांसाठी पैसा कुणी दिला? तसा शिलालेख हाताशी नाही. पण कलचुरी राजा कृष्णराजाची तांब्याची, हलक्या किमतीची नाणी बेटावर मिळालीत. ही कारागिरांची मजुरी असावी, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. मला तो पटतो. मोठ्या व्यवहाराला चांदी लागते, रोजच्या पगाराला चिल्लर.

पुढे इ. स. 634 च्या ऐहोळे शिलालेखात चालुक्य राजा दुसरा पुलकेशी शेकडो नौका घेऊन 'पुरी' नावाच्या नगरीवर चालून गेल्याचं वर्णन येतं. ही पुरी म्हणजेच घारापुरी का? काही जण हो म्हणतात, काही जण मुरूड-जंजिऱ्याजवळच्या राजपुरीकडे बोट दाखवतात. घारापुरीच्या बाजूने नाव, बंदर आणि नाणी आहेत. विरोधात एक साधा मुद्दा आहे : एवढ्याशा बेटावर राजधानी मावेल कशी?

आणि इथे आपली गोष्ट घरी येते. उत्तर कोकणचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत 'पुरीप्रमुख 1400 गावांचं कोकण' असा उल्लेख करतात. याच शिलाहारांच्या काळात आपलं अंबरनाथचं शिवमंदिर बांधलं गेलं. तिथल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इ. स. 1060, आणि मम्वाणी राजाचं नाव आहे. आपल्या स्टेशनपासून चालत जाता येईल असं देऊळ आणि समुद्रातलं ते कोडं, दोन्ही एकाच राज्याच्या कागदपत्रांत सापडतात.

आज बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्या आहेत. समोर मुंबईचे दिवे लखलखत असताना इथे कायमची वीज पोहोचली 2018 मध्ये. पलीकडे न्हावाशेवा बंदरात आजही जगभरातून कंटेनर येतात. रांजण गेले, लोखंडी पेट्या आल्या, खाडी तीच.

तेव्हा पुढच्या वेळी लाँचमधून उतरलात की नुसती लेणी बघून फिरू नका. गावातल्या माणसांशी बोला. पायाखाली खापर दिसलं तर बघा, पण उचलू नका. ते जिथे पडलंय, ती जागाच अर्धा इतिहास सांगते. खिशात घातलं की उरतो नुसता मातीचा तुकडा.

भेटू पुढच्या भागात!