झाशीच्या परेड मैदानावर उतरलेले विमान

ॲमी जॉन्सन हे नाव आपल्याकडे आता फारसे कोणी घेत नाही. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने विमान नेणारी ही पहिली स्त्री. वय २६. वकिलाच्या कचेरीत टायपिंग करायची, पण विमानदुरुस्तीचा परवाना तिने मिळवला होता. ५ मे १९३० रोजी 'जेसन' नावाचे जुने जिप्सी मॉथ घेऊन ती क्रॉयडनहून निघाली आणि सहाव्या दिवशी कराचीला पोचली. लोक तिचा विक्रम सांगतात, मला तिचे उतरणे सांगायचे आहे.

हे विमान लाकडाचे आणि कापडाचे, एकावर एक असे दोन पंख असलेले. पुढे दोन चाके आणि शेपटाखाली नुसती घसरपट्टी. ब्रेक नाहीत. जमिनीवर नाक वर असल्याने वैमानिकाला समोरचे दिसतच नाही. त्यात भार चाकांच्या मागे, त्यामुळे शेपूट जरा बाजूला गेले की आणखीच फिरते. भरलेली उसाची ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून ढकलू लागली की कशी आडवी होते, हे आमच्या सिरसाळ्याकडे कोणाला सांगावे लागत नाही!

११ मे रोजी तिला अलाहाबाद गाठायचे होते. समोरून वारा, पेट्रोल संपत आलेले. म्हणून झाशीला लष्कराच्या परेड मैदानावर ती उतरली. मैदान लहान. विमान झाडे चुकवत, शिपायांना पळवत गेले, एका खांबाला धडकले आणि बराकींपाशी अडकून थांबले. पंख मोडला. तो तिथल्या एका सुताराने दुरुस्त केला आणि दुसऱ्याच दिवशी ती निघाली.

आता या तारखा जरा आपल्या बाजूने पाहा. ती निघाली त्याच ५ मे रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, गांधीजींना कराडी इथे अटक झाली. ८ मे रोजी सोलापुरात गोळीबार झाला, लोकांनी पोलीस चौकी जाळली आणि पुढचे काही दिवस शहरात सरकारचा अंमल उरला नाही. १२ मे रोजी, म्हणजे ॲमी झाशीहून उडाली त्याच दिवशी, तिथे लष्करी कायदा लागू झाला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन हे चौघे पुढे १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेले. शाळेत मी हे सोलापूर शिकवले. त्याच आठवड्यात राणी लक्ष्मीबाईंच्या गावात एक इंग्रज मुलगी आपल्या सुताराकडून पंख जोडून घेत होती, हे कोणत्याच धड्यात नव्हते. राग धरावा अशी ती बाई नाही. पण साम्राज्याच्या वर्तमानपत्रांनी ज्या उड्डाणाचा उदोउदो केला, ते झाशीला एका सुताराच्या हातावर तगले, एवढे तरी नोंदले पाहिजे.

पुढे रंगूनजवळ इनसीनला ती फुटबॉलच्या मैदानावर उतरली आणि विमान खड्ड्यात गेले. पंखा मोडला, तिने जादा एक बांधून आणला होता म्हणून बरे. पंखावर लावायला कापड नव्हते. महायुद्धातल्या उरल्यासुरल्या विमानी कापडाचे कोणी सदरे शिवले होते, ते उसवून लावले! तिथल्या तंत्रशाळेची मुले मदतीला होती. २४ मे रोजी ती डार्विनला पोचली. आणि २९ मे रोजी, हजारो लोक पाहायला जमलेले असताना, ब्रिस्बेनला उतरताना विमान उलटे झाले. ती मात्र सुखरूप बाहेर आली.

'जेसन' आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.