वाळूतल्या चकतीचे गोत्र

अक्कलकोटपासून समुद्र शेकडो मैल दूर. तरी गावातल्या देवघरांत तो आहेच. शंख हे गोगलगायीच्या जातीतल्या प्राण्याचे घर, आणि गंडकीचा शाळिग्राम म्हणजे बहुधा अमोनाइट नावाच्या लुप्त सागरी जीवाचा अश्मावशेष. हे दोघे एकाच मृदुकाय कुळातले. इंग्रज ज्याला ‘सँड डॉलर’ म्हणतात ती वाळूतली चकती मात्र त्या कुळातली नव्हे.

किनाऱ्यावर सापडते ते तिचे मृत कवच: पांढरे, चपटे, पाठीवर पाच पाकळ्यांचे फूल. दिवाळीच्या रांगोळीतून अलगद उचलून घ्यावे असे! जिवंतपणी तिच्या अंगावर बारीक काट्यांची दाट लव असते. त्या काट्यांवरच ती चालते, वाळूत शिरते. आणि पाकळ्यांच्या छिद्रांतून निघालेल्या नाजूक नळ्यांनी श्वास घेते.

हिचे गोत्र ठरवताना पंडितांची चांगलीच त्रेधा उडाली. १७३४ साली क्लाइनने अशा कवचांना ‘काटेरी कातडीचे’ म्हटले. लिनीयसने १७५८ मध्ये सारे कुळच कृमींच्या गाठोड्यात बांधले. लामार्कने १८०१ मध्ये यांतल्या एका वंशाला ‘ढाल-तारा’ या अर्थाचे नाव दिले. शस्त्रागाराची ख्याती असलेल्या अक्कलकोटकरांना ते पटावे. पुढे क्यूव्हिएने १८१७ मध्ये यांना जेलीफिशच्या पंगतीस बसवले. का? तर दोघेही गोल!

अखेर उलगडा केला तो पिलांनी. १८४६ च्या सुमारास योहानेस म्यूलर सूक्ष्मदर्शकाखाली समुद्रातले बारीक जीव पाहू लागला. या कुळातली पिले गोल नसतात; आपल्यासारखीच डावी-उजवी बाजू असलेली असतात. गोलाई मागून येते. १८८१ मध्ये मेच्निकॉव्हने समुद्रतळीच्या एका किड्याशी या कुळाचे नाते जोडले, आणि तो किडा निघाला पाठीचा कणा असलेल्यांचा दूरचा आप्त. १९०८ साली ग्रोबेनने गर्भाच्या पहिल्या छिद्रावरून प्राण्यांचे दोन मोठे तट पाडले. शंख व खेकडा यांच्या तटात त्या छिद्राचे बहुधा तोंड होते. चकतीच्या आणि माणसाच्या तटात तोंड नंतर, दुसरीकडे फुटते.

म्हणजे देवघरातल्या शंखापेक्षा ही चकती पूजा करणाऱ्याच्या अधिक जवळची! वयाने म्हणाल तर तारामासा, समुद्रकाकडी या भावंडांत ती शेंडेफळ. अक्कलकोटच्या जमिनीतला काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा; चकतीच्या जातीचे निश्चित ठरलेले सर्वांत जुने अवशेष त्यानंतरचे आहेत.