हाम्बुर्गच्या याकोबी चर्चचा ऑर्गन

हाम्बुर्गच्या संत याकोबी चर्चमधला ऑर्गन आर्प श्निट्गर याने १६८९ ते १६९३ या काळात बांधला. हाताने वाजवायच्या पट्ट्यांच्या चार ओळी, पायांसाठी वेगळी एक, नळ्यांचे ६० संच आणि एकूण सुमारे ४,००० नळ्या असा त्याचा पसारा आहे. त्यातले सगळेच काम नवे नव्हते. शेरर घराण्याने आणि गॉटफ्रीड फ्रित्शेने सोळाव्या-सतराव्या शतकात घडवलेल्या चांगल्या नळ्या श्निट्गरने मोडीत न काढता आपल्या रचनेत सामावून घेतल्या. काटकसर हे एक कारण असेल. पण मुरलेली नळी पुन्हा तशीच घडत नाही, हेही या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असणारच.

नळीसाठी कथील आणि शिसे एकत्र वितळवून त्याचा रस सपाट पाटावर ओततात. थंड झालेला पत्रा हव्या जाडीपर्यंत तासायचा, साच्याभोवती वळवायचा, सांधा झाळायचा आणि तोंड कापायचे. कथील वाढले की नाद सहसा तेजस्वी होतो, शिसे वाढले की मऊ. पण नळीला सूर येतो तो यानंतर. तोंडाची उंची आणि वाऱ्याची वाट केसभर कमीजास्त करत कारागीर एकेक नळी कानाने बोलती करतो. संगीत नाटकातल्या पायपेटीत धातूच्या जिभल्या थरथरतात. इथल्या बहुतेक नळ्या बासरीसारख्या फुंकेवर वाजतात. ही फुंक भात्यांतून लाकडी वायुपेटीत येते. पट्टी दाबली की बारीक लाकडी पट्ट्यांची ओढ झडप उघडते आणि वारा नळीत शिरतो.

१७२० मध्ये या चर्चच्या ऑर्गनवादकाच्या जागेसाठी योहान सेबास्टियन बाखचे नाव पुढे आले होते. जागा मिळाली हाइटमान नावाच्या वादकाला, ज्याने चर्चला ४,००० मार्क दिले. संगीताच्या इतिहासात इतका महागडा सौदा विरळाच.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, दर्शनी भागातल्या कथलाच्या नळ्या युद्धसामग्रीसाठी काढून नेल्या गेल्या. उरलेल्या वाद्याचे मोल ओळखले ते लेखक हान्स हेनी यान याने. त्याच्या खटपटीमुळे १९२०च्या दशकात ते वाचले आणि जुन्या ऑर्गनांकडे पाहण्याची जर्मनीतली दृष्टीही बदलली. दुसऱ्या महायुद्धात नळ्या आणि वायुपेट्या आधीच सुरक्षित जागी हलवल्या होत्या. १९४४च्या बॉम्बहल्ल्यात बाहेरचा लाकडी सांगाडा आणि भाते जळाले, पण वाद्याचा गाभा शाबूत राहिला.

युद्धानंतरची जुळणी १९६१ मध्ये पुरी झाली. तिच्यात बरेच बदल केले गेले आणि मूळ नाद झाकोळला. तो दोष दूर केला युर्गेन आरेंड याने, १९८९ ते १९९३ दरम्यान. जुन्या नळ्या त्याने दुरुस्त करून जपल्या. भाते, वाजवायच्या पट्ट्या आणि १९१७ मध्ये गेलेल्या दर्शनी नळ्या जुन्या पद्धतीने नव्याने घडवल्या, आणि स्वरजुळणीही जुन्या वळणावर नेली. जीर्णोद्धाराच्या नावाखाली वाद्य नवेकोरे करण्याचा मोह त्याने टाळला, हे या कामाचे खरे मोठेपण. जर्मनीतल्या ऑर्गनबांधणीच्या कलेला आणि ऑर्गनसंगीताला युनेस्कोने २०१७ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले; त्या वेळी देशात सुमारे ५०,००० ऑर्गन आणि ऑर्गन बांधणाऱ्या ४०० कार्यशाळा होत्या.