वीज, जाळे आणि गायरान

नवीकरणीय वीज ही गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली नवलाई आहे, असे आपल्याकडे सरसकट बोलले जाते. मुंबईच्या विजेचा इतिहास मात्र या समजुतीला आधार देत नाही. १९११ साली लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसली आणि १९१५ साली खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. म्हणजे या शहराच्या यंत्रयुगाला ताकद पुरवली ती सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसाने. ट्रॉम्ब्याचे औष्णिक केंद्र आले ते १९५६ साली.

त्या गिरण्यांत आमचे आजे-पणजे होते. पण कापड खात्यात नव्हते. धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा विटाळ सवर्ण कामगाराला चालत नसे. माग चालले ते पाण्यावरच्या विजेवर. पण त्या मागापाशी कोणी उभे राहायचे, हे मनूच ठरवीत राहिला. वीज स्वच्छ असली म्हणजे व्यवस्था स्वच्छ होते असे नाही, याचा पहिला दाखला मला इथेच सापडतो.

दुसरा दाखला मुळशीचा. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. त्याच्या शौर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. पण भरपाईची बोलणी ज्याच्या नावावर जमीन त्याच्याशीच होतात. ज्याच्या वाट्याला फक्त दुसऱ्याच्या जमिनीवरची मजुरी, तो कागदावर बुडतच नाही. हा जुना नियम मी पुढे पुन्हा सांगणार आहे.

विजेच्या जाळ्याचा विचार राष्ट्रीय पातळीवर कोणी केला, हे आपल्या तरुण कार्यकर्त्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये सार्वजनिक बांधकामे व वीज यांविषयीच्या धोरण समितीपुढे त्यांनी भाषण केले. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण तिच्यावाचून औद्योगिकीकरण नाही, आणि औद्योगिकीकरण हवे ते दारिद्र्याच्या चक्रातून माणूस सुटावा म्हणून, असा त्यांच्या मांडणीचा क्रम होता. वीज त्यांना साधन म्हणून हवी होती, शोभेसाठी नव्हे. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्यांच्याच कारकिर्दीत झाली. आणि १९४८ सालच्या वीज पुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांची वाट मोकळी केली. (अभियंत्यांच्या सभासंमेलनांत बाबासाहेबांचे नाव या संदर्भात किती वेळा निघते, हे वाचकांनीच पाहावे.)

जाळे म्हणजे नुसत्या तारा नव्हेत. वीज साठवून ठेवता येत नाही, निदान फार येत नाही. जितकी वापरली जाते तितकीच त्या क्षणी निर्माण व्हावी लागते, नाहीतर पन्नास आवर्तनांचा ठोका चुकतो आणि जाळे कोसळते. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेत ते कोसळले, तेव्हा कोट्यवधी माणसे अंधारात गेली. सूर्य आणि वारा हे तर आपल्या मर्जीचे नोकर नव्हेत. सूर्य मावळतो नेमका त्याच वेळी, जेव्हा घरोघर दिवे लागतात. मग ही तूट भरायची कशाने? महाराष्ट्रात याचे उत्तर पुष्कळ अंशी कोयनेने दिले. १९६२ साली सुरू झालेल्या या केंद्राची यंत्रे काही मिनिटांत चालू होतात. पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला बच्छावत लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली. म्हणून ते पाणी जपून, संध्याकाळच्या मागणीपुरते वापरायचे. कोयनेच्याच शेजारी, पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. तिथला वारा जोर धरतो तो पावसाळ्यात. तेव्हा वारा फिरवतो आणि धरण भरते. निसर्गाने घालून दिलेली ही जोडी मला नेहमीच सुंदर वाटत आली आहे. घाटघरला २००८ पासून आणखी एक युक्ती चालते. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचे आणि गरजेला खाली सोडायचे. तिथली क्षमता २५० मेगावॅट. आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेल्यावर एका प्रांताच्या उन्हाचा उपयोग दुसऱ्या प्रांताला होऊ लागला.

हे सर्व मला मान्य आहे. सूर्याच्या विजेला विरोध करणारा मी नव्हे. कोळशाच्या राखेत कोण राहते, हे मी पाहिले आहे. माझा प्रश्न आहे तो या जाळ्याच्या शेवटच्या खांबाचा.

आमच्या गावी वीज आली तेव्हा खांब देवळापर्यंत आले आणि थांबले. महारवाड्यातून तो दिवा दिसे. सरकारदप्तरी मात्र गाव ‘विद्युतीकृत’ झाले होते, आणि तसे म्हणण्यात कोणी खोटेही बोलत नव्हते. १९९७ पर्यंतची व्याख्याच अशी होती की, गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली म्हणजे गाव उजळले. एका बागायतदाराचा पंपही त्यासाठी पुरे! २००४ साली व्याख्या बदलली तेव्हा दलित वस्तीपर्यंत तारा पोचल्या पाहिजेत, हे स्पष्ट शब्दांत लिहावे लागले. ते लिहावे लागले, याचाच अर्थ मी इतिहास म्हणून वाचतो.

आता जाळे आमच्याकडे उलट्या दिशेने येत आहे. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली आणि २०२३ साली तिची दुसरी आवृत्ती आली. कल्पना तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे. शेतीपंपांचा भार रात्रीवरून दिवसावर आणायचा, उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारायचा, म्हणजे ऊन असेल तेव्हाच मागणी. रात्री-अपरात्री साप-विंचवांत पाणी धरणाऱ्या शेतकऱ्याचे हाल त्याने वाचतात, तेही खरेच. पण जमीन कोणाची? खाजगी मालकाने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे. सरकारी असेल तर नाममात्र दर. आणि गावात सरकारी म्हणजे बहुतेक वेळा गायरान.

त्या गायरानाचा इतिहास आपण विसरता कामा नये. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो तुरुंगात गेले. १९९१ साली शासनाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला, तेव्हाही भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला. निकालाचा पहिला भाग प्रत्येक कचेरीत पाठ असतो. अपवाद कोणी वाचत नाही.

ज्याच्याकडे विहीर आणि पंप, त्याला दिवसा वीज. त्या विजेसाठी ज्याने माळ फोडून ज्वारी काढली, त्याने उठायचे. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून भाड्याचा प्रश्नच नाही. मुळशीचा नियम तो हाच.

आमच्या वस्तीतली एक म्हातारी माझ्याकडे पिशवी घेऊन आली. तिच्यात अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या होत्या, काही सासऱ्याच्या नावच्या. तिला वाटत होते की हे गुन्ह्याचे पुरावे आहेत, लपवावेत. मी म्हटले, “आजी, ह्याच तर तुझ्या जमिनीच्या पावत्या. कोण किती सालापासून कसतो, ते ह्यांच्यावरूनच कळतं.” अतिक्रमणाची नोंद गाव नमुना एक-ई मध्ये असते. ग्रामसभेत गायरान देण्याचा ठराव यायचा होता, म्हणून आम्ही तो नमुना मागितला. दाखवायला तीन आठवडे लागले. त्यात अकरा नावे निघाली, नऊ आमच्या वस्तीतली. म्हातारीच्या सासऱ्याचे नाव तिसऱ्या ओळीत होते.